डब्यातल्या पाण्याचं काय करायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘डब्यातल्या भाजीत काही राम नसतो,’ असं आपण अगदी सहज म्हणून जातो. म्हणणाऱ्यानं उभ्या जन्मात एकही डबा उघडलेला नसला तरी चालतं. याच्या उलटही माणसं आहेत. मुलगा किंवा जावई परदेशातून येताना डबे घेऊन येतो, डब्यावर हिरव्यागार मटाराचं चित्र असतं, आणि एवढ्या चकचकीत डब्यात आहे म्हणजे ते उत्तमच असणार, असं घरातले धरून चालतात. या दोन्ही मतांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे भाजीचं नावच घेतलेलं नाही. डबा मटाराचा आहे की टोमॅटोचा, अळंबीचा आहे की काबुली चण्याचा, हे विचारल्याशिवाय निकाल देऊन टाकलेला आहे.

तेव्हा आज आपण एकेक डबा उघडून पाहू. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंतचं. रसायनशास्त्रावर माझा अधिकार नाही. पण किराणा मालाची यादी ज्याला वाचता येते, त्याला हे आकडेही वाचता येतात. मी सांगणार आहे ते बहुतेक आकडे अमेरिकेच्या कृषी खात्यानं तयार केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांतले आहेत. तिकडे डबाबंद भाज्यांचा वापर मोठा, त्यामुळे नोंदीही बारकाईनं ठेवलेल्या. सगळे आकडे शंभर ग्रॅम भाजीचे आणि ढोबळ मानानं घ्यायचे. वाण बदललं, कारखाना बदलला की ते थोडे इकडेतिकडे होतात.

डबा उघडण्याआधी तो बंद कसा होतो ते पाहिलं पाहिजे, कारण भाजीचं जे काही बरंवाईट व्हायचं ते तिथेच होतं. ही युक्ती निघाली ती शेतासाठी नव्हे आणि स्वयंपाकघरासाठीही नव्हे. ती निघाली सैनिकांसाठी आणि खलाशांसाठी. फ्रान्समधल्या निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्यानं काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधून काढली. १८१० साली फ्रेंच सरकारनं त्याला बारा हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरांड यानं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि १८१३ पासून ब्रायन डॉन्किनच्या कारखान्यातून ब्रिटिश आरमाराला डबे जाऊ लागले. गंमत अशी, की डबा आधी आला आणि तो उघडायचं कटर बऱ्याच वर्षांनी आलं. अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यानं कटरचं पेटंट घेतलं ते १८५८ साली. तोपर्यंत लोक छिन्नी-हातोडीनं डबे फोडत असत.

हा पत्र्याचा डबा म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. पितळी पातेल्याला आपल्याकडे कल्हई करत, तशीच ही पोलादी पत्र्याला केलेली कथिलाची कल्हई. हल्ली आतून लाखेसारखा लेपही असतो. या डब्यात भाजी कशी जाते? आधी ती निवडतात, धुतात, गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. मग डब्यात भरून वर मिठाचं पाणी ओततात. हवा काढून झाकण बसवतात आणि भरलेला डबा मोठ्या बंद भांड्यात, वाफेच्या दाबाखाली, ११५ ते १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. एवढी उष्णता का? तर बोट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणारं विष तयार करणारा एक जंतू असतो. त्याचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. टोमॅटो आंबट असल्यामुळे हा जंतू त्यात वाढत नाही, म्हणून टोमॅटोला कमी उष्णता पुरते. मटार, मका, अळंबी, चणे यांना मात्र पूर्ण ताप द्यावा लागतो.

म्हणजे डब्यातल्या भाजीवर तीन गोष्टी होतात. ती शिजते. ती पाण्यात महिनोन् महिने बुडून राहते. आणि त्या पाण्यात मीठ असतं. पुढचा सगळा हिशेब या तीन गोष्टींचा आहे.

आता मटाराचा डबा घेऊ. शेंगेतून नुकत्याच काढलेल्या कच्च्या मटारात क जीवनसत्त्व असतं सुमारे ४० मिलिग्रॅम. डब्यातला मटार पाणी गाळून मोजला तर ते उरतं सुमारे १० मिलिग्रॅम. चार हिश्शांपैकी तीन हिस्से गेले! ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असं कुणी म्हणेल. पण जरा थांबा. आपण मटाराची उसळ कच्ची खातो का? ताजा मटार घरी पाण्यात उकडला, की त्याच ४० मिलिग्रॅमचे राहतात १४. बर्फातला, म्हणजे फ्रोझन मटार उकडला की १०. डब्यातला मटार तर शिजूनच आलेला असतो. तेव्हा तुलना शिजलेल्याची शिजलेल्याशीच करायला हवी. मग फरक उरतो चार मिलिग्रॅमचा. तो अर्ध्या लिंबाच्या रसानं भरून निघतो. उसळीवर लिंबू पिळायची आपली जुनी सवय किती शहाणपणाची आहे, हे यावरून दिसतं.

दुसरी गोष्ट ‘ताजा’ या शब्दाची. हा शब्द आपण फार सढळ हातानं वापरतो. पुरंदरच्या शेतात सकाळी तोडलेला मटार दुपारी घरात आला, तर त्याच्यापुढे डबा उभाच राहू शकत नाही. पण तोच मटार दोन दिवस वाहनात, एक दिवस बाजारात, चार दिवस आपल्या टोपलीत पडून राहिला तर? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००७ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात हिशेब आहे, की सात दिवसांत मटारातलं क जीवनसत्त्व फ्रिजच्या थंडाव्यात सुमारे १५ टक्के जातं, पण २० अंशांवर ठेवला तर ६० टक्के जातं. पालकाचं तर फ्रिजमध्येसुद्धा ७५ टक्के जातं. आणि २० अंश ही आपल्याकडे थंडीतली हवा झाली. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात भाजीची काय गत होत असेल, ते तुम्हीच ताडा. डब्यात मात्र जे जायचं ते पहिल्याच तापात जातं. त्यानंतर वर्षभरात फारशी घट होत नाही.

डब्याची करणी क जीवनसत्त्वावर आणि ब गटातल्या काही जीवनसत्त्वांवर जास्त चालते, कारण ही पाण्यात विरघळतात आणि त्यांतली काही उष्णतेनं नष्टही होतात. प्रथिनं, तंतू, लोह, कॅल्शियम यांचं तसं नाही. मटारातली प्रथिनं कच्च्यात साडेपाच ग्रॅमच्या आसपास, डब्यातल्यात साडेचारच्या आसपास. तंतू थोडे कमी, पण आहेत. म्हणजे मटाराच्या डब्यात राम आहे. थोडा दमलेला आहे, एवढंच.

गाजराचं पाहू. गाजराची खरी दौलत म्हणजे बीटा कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून डब्यातल्या पाण्यात फारसं जात नाही. कच्च्या गाजरात ते सुमारे ८ मिलिग्रॅम, डब्यातल्यात ५ च्या वर. घट आहे, पण उरलेलंही भरपूर. पालकाच्या डब्यात क जीवनसत्त्व कच्च्या पानांच्या निम्मं होतं, फोलेटही जवळजवळ निम्मं. लोह आणि कॅल्शियम मात्र टिकून राहतं. आपल्याकडे नुसत्या पालकाचे डबे फार दिसत नाहीत. ‘सरसों का साग’चे डबे मिळतात. त्यात तेल-तूप, मसाला आणि मीठ घालून भाजी तयारच केलेली असते, म्हणून त्याचा हिशेब नुसत्या पालेभाजीशी लावून चालत नाही.

मक्याच्या डब्याची कथा वेगळी. मक्यात क जीवनसत्त्व मुळातच बेताचं, त्यामुळे गेलं तरी गरिबाच्या घरी चोरी झाल्यासारखं. पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना २००२ साली एक निराळी गोष्ट दिसली. गोड मका ११५ अंशांवर २५ मिनिटं तापवला, तेव्हा त्यातलं क जीवनसत्त्व २५ टक्के घटलं, पण ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या द्रव्यांचा प्रभाव ४४ टक्क्यांनी वाढला. दाण्याच्या पेशींत अडकून पडलेली काही द्रव्यं उष्णतेनं मोकळी झाली. हा प्रयोग परीक्षानळीतला आहे, तेव्हा त्यावरून मक्याला औषध ठरवू नये. पण उष्णता नेहमी नेतेच, कधी काही देत नाही, हा समज त्यानं ढिला होतो. मक्याचा डबा घेताना एक पाहावं. अख्ख्या दाण्यांचा डबा वेगळा आणि ‘क्रीम स्टाइल’चा वेगळा. दुसऱ्या प्रकारात बहुधा पिष्ट आणि साखर घालून तो दाट केलेला असतो.

सगळ्या डब्यांत मानाचं पान द्यायचं तर मी टोमॅटोला देईन. टोमॅटोचा लाल रंग ज्याच्यामुळे येतो ते लायकोपिन कच्च्या फळात शंभर ग्रॅमला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास असतं. प्युरीत ते वीस मिलिग्रॅमच्या वर जातं, पेस्टमध्ये त्याहूनही जास्त. एक तर पाणी आटवल्यामुळे सगळं घट्ट होतं. दुसरं असं, की शिजवल्यामुळे हे लायकोपिन शरीराला अधिक सहज मिळतं. १९९७ साली जर्मन संशोधकांनी काही लोकांना ताजे टोमॅटो आणि टोमॅटोची पेस्ट, दोन्हींत लायकोपिनचं प्रमाण सारखंच ठेवून, थोड्या तेलाबरोबर खायला दिली. पेस्ट खाल्ल्यावर रक्तातली लायकोपिनची सर्वोच्च पातळी सुमारे अडीच पट भरली. तेल तापवून, कांदा परतून, टोमॅटो आटवून रस्सा करणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण हात बरोबर चालत होता. क जीवनसत्त्वही टोमॅटोत तुलनेनं बरं टिकतं, कारण आंबटपणा त्याला सांभाळतो. कच्च्यात १३-१४ मिलिग्रॅम, तर प्युरीत १० च्या आसपास.

टोमॅटोच्या बाबतीत आणखीही एक विचार मनात येतो. नारायणगावच्या, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कधी भाव असा कोसळतो, की तोडणीची मजुरीही निघत नाही आणि शेतकरी माल रस्त्यावर ओतून देतो. आणि २०२३ च्या जुलैमध्ये तोच टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पार गेला होता. ज्या पिकाचं सत्त्व डब्यात एवढं टिकतं, ते रस्त्यावर सडावं याचं वाईट वाटतं. स्वस्ताईच्या दिवसांत प्युरी करून ठेवणं हे शेतकऱ्याच्याही हिताचं आणि खाणाऱ्याच्याही.

आता उलट टोकाचा डबा, अळंबीचा, म्हणजे मशरूमचा. अळंबी ही नाजूक चीज. तिची किंमत आहे ती ब गटातल्या जीवनसत्त्वांमुळे आणि पोटॅशियममुळे, आणि नेमकं हेच डब्यातल्या पाण्यात उतरतं. पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमच्या वरून १३० च्या आसपास येतं. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, जवळजवळ नाहीसंच होतं. नायसिन निम्म्याहून कमी होतं. आणि सोडियम? ताज्या अळंबीत ते ५ मिलिग्रॅम. डब्यातल्या, पाणी गाळलेल्या अळंबीत ४२५! म्हणजे भाजीतून चांगलं ते पाण्यात गेलं आणि पाण्यातलं मीठ भाजीत आलं. आता ताजी अळंबी शहरांत सहज मिळते. मिळत असेल तिथं तिचा डबा घेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

राहिले काबुली चणे आणि राजमा. त्यांच्या बाबतीत ताजं विरुद्ध डबाबंद हा वादच नाही. दोन्ही वाळलेल्या दाण्यांपासूनच होतात. घरी आपण चणे रात्री भिजवतो, सकाळी कुकरमध्ये शिट्ट्या काढतो. आपल्या कुकरच्या आत उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणजे डब्याच्या कारखान्यात असते तेवढीच! घरचा कुकर आणि कारखान्यातलं ते दाबाचं भांडं एकमेकांचे नातेवाईकच आहेत. घरी शिजवलेल्या चण्यात प्रथिनं जवळपास ९ ग्रॅम, डब्यातल्यात ७ च्या आसपास. तंतू दोन्हीकडे भरपूर. फोलेट घरच्यात बरंच जास्त. खरा फरक मिठाचा. बिनमिठाच्या घरच्या चण्यात सोडियम ७ मिलिग्रॅम, डब्यातल्यात अडीचशेच्या आसपास. माझे एक मामू रत्नागिरीकडचे, मालवाहू जहाजांवर आचारी होते. जहाजावरच्या बोलीत आचाऱ्याला भंडारी म्हणतात. ते सांगत, ‘टोमॅटोचा डबा मी बिनदिक्कत उघडतो, पण चणे मात्र रात्री स्वतःच भिजवतो. समुद्रावर वेळ तेवढा भरपूर असतो.’ त्यांनी अन्नघटकांचे तक्ते कधी पाहिले नव्हते, तरी त्यांची निवड तक्त्याबरहुकूमच होती.

श्रोतेहो, इथपर्यंत जीवनसत्त्वांच्या जमाखर्चात डबा काठावर का होईना, पास झाला. पण मिठाच्या विषयात तो नापास होऊ शकतो, आणि तो विषय जिवाशी खेळणारा आहे.

माझ्या एका खालांना रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्यांनी लोणचं सोडलं, पापड सोडला, सुकट सोडली, ताटात वरून मीठ घेणं सोडलं. कोकणातल्या बाईनं सुकट सोडायची म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळेल. तरी दाब उतरेना. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला. दर खेपेला तो मटार, मका, चणे, अळंबी असे डबे घेऊन यायचा. गुडघे दुखतात म्हणून खाला बाजारात कमी जायच्या आणि आठवड्यातून तीन-चारदा डबाच उघडायच्या. डब्यातलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून तेही रश्शात ओतायच्या. वर फोडणीत नेहमीचं मीठ होतंच. मी डबा हातात घेऊन त्यावरचा सोडियमचा आकडा त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अरे बेटा, मटाराला कुठं मीठ असतं?’

खालांचा प्रश्न अगदी रास्त होता. मटाराला मीठ नसतंच. कच्च्या मटारात सोडियम ५ मिलिग्रॅम. डब्यातल्यात, पाणी गाळल्यावरसुद्धा, दोनशे ते अडीचशे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत. शंभर ग्रॅम डबाबंद मटारात दिवसभराच्या मिठाचा आठवा हिस्सा येतो. शंभर ग्रॅम अळंबीत पाचव्या हिश्शाहून जास्त. घरच्या उसळीतही मीठ असतंच, हे खरं. पण ते आपल्या चिमटीत असतं, कमी-जास्त करता येतं. डब्यातलं मीठ आधीच घातलेलं असतं आणि जिभेला नीट कळतही नाही, म्हणून आपण त्यावर आणखी घालतो. मिठावर मीठ चढतं, ते असं.

आता माझ्या भाषणाच्या नावातला प्रश्न. डब्यातल्या पाण्याचं काय करायचं? पाणी ओतून द्यावं, तर त्यात उतरलेली जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम मोरीत जातं. पाणी वापरावं, तर सगळं मीठ पोटात जातं. एकाच पाण्यात भाजीचं भलं आणि आपलं बुरं विरघळलेलं.

या पेचातून वाट आहे. पहिलं, डब्यात मीठ असेल आणि घरात कुणाला रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी निःशंक ओतून द्या. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात २००९ साली डबाबंद राजमा-चण्यासारख्या कडधान्यांवर हे मोजून पाहिलं. पाणी नुसतं निथळून टाकल्यानं सोडियम ३६ टक्के कमी झालं, नळाखाली धुतल्यावर एकूण ४१ टक्के कमी झालं. म्हणजे निथळण्यात मोठं काम होतं, धुण्यानं त्यात थोडी भर पडते. पाण्याबरोबर गेलेलं क जीवनसत्त्व मिळवायला मार्ग पुष्कळ आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एका मध्यम पेरूत त्याहून जास्त मिळतं. शरीरात गेलेलं मीठ काढून घ्यायला मात्र असा कोणता पेरू नाही.

दुसरं, मीठ न घातलेला डबा मिळाला तर तो घ्या आणि त्यातलं पाणी आमटीत, रश्शात, सुपात वापरा. त्यात फायदाच आहे. तिसरं, घरात कुणाला असा विकार नाही आणि मिठाच्या डब्यातलं पाणी वापरायचंच आहे, तर त्या पदार्थात वरून मीठ घालू नका. आधी चव पाहा. खालांनी पहिला मार्ग धरला आणि अळंबीचे डबे मुलाला आणू नकोस म्हणून बजावलं. दाबाची गोळी डॉक्टरांनी दिली तशीच चालू आहे आणि ती चालू राहायलाच हवी. डबा निथळून औषध सुटत नाही, एवढं मी आवर्जून सांगतो.

डबा विकत घेताना चित्राकडे कमी आणि बारीक अक्षरांकडे जास्त पाहावं. शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून त्यांतल्या तीन-चार शब्दांबद्दल सांगतो. ‘ब्राइन’ असं लिहिलेलं असेल तर ते काही विलायती सरबत नव्हे, ते मिठाचं पाणी. ‘ड्रेन्ड वेट’ म्हणजे पाणी काढल्यावर उरणारं वजन. चारशे ग्रॅमच्या डब्यात चणे अडीचशे ग्रॅमच्या आसपासच निघतात. भावाची तुलना करायची ती या वजनावर. ‘प्रोसेस्ड पीज’ म्हणजे ताजा मटार नव्हे. वाळलेला मटार भिजवून, शिजवून भरलेला असतो, आणि त्याचा हिरवा रंग पुष्कळदा बाहेरून दिलेला असतो. घटकांच्या यादीत रंगाचा उल्लेख आहे का, ते पाहावं. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर सोडियमचा आकडा द्यावा लागतो. तो शंभर ग्रॅमचा वाचावा आणि चारशेनं भागावा. येईल ते उत्तर म्हणजे ढोबळ मानानं मिठाचे ग्रॅम.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. फुगलेला, गळणारा, सांध्यावर चेपलेला डबा चाखूनसुद्धा पाहू नये, सरळ टाकून द्यावा. उघडलेल्या डब्यात भाजी तशीच ठेवू नये. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. आणि घरच्या कुकरला मी कारखान्याचा नातेवाईक म्हटलं, म्हणून कुणी मटार-मका घरीच डबाबंद करायला जाऊ नये. त्याला लागणारी वेळेची आणि दाबाची मोजमापं वेगळी असतात.

मग अखेर काय ठरलं? आपल्या दारावर सकाळी भाजीवाली येते, आठवडी बाजार भरतो, हंगामात मटार, गाजर, पालक स्वस्त असतो. अशा ठिकाणी डब्याची गरज नाही. पण सगळेच असे भाग्यवान नसतात. जहाजावरचा खलाशी, उंच बर्फाळ चौकीवरचा जवान, परमुलखात एका खोलीत चौघं मिळून राहणारी मुलं, जिना उतरवत नाही अशी एकटी म्हातारी, यांच्या ताटात डब्यातल्या भाजीला पर्याय पुष्कळदा ताजी भाजी हा नसतोच. भाजीच नसणं हा असतो. त्यांना ‘त्यात काही राम नाही’ असं सांगून आपण त्यांच्या ताटातली होती तीही भाजी काढून घेतो. त्यापेक्षा त्यांना सांगावं, की टोमॅटो खुशाल घ्या, मटार, गाजर, मका, चणे निथळून घ्या, अळंबी शक्यतो टाळा, वर लिंबू पिळा आणि फोडणीत मीठ घालताना हात आखडा.

आज रात्री फोनवर मुलाबाळांशी बोलाल, तेव्हा ‘जेवलास का?’ असं विचारालच. त्यानं डबा उघडला असेल, तर पाणी निथळलं का, तेवढंही विचारून घ्या.